बीज कोणाचे?

मनाच्या तळाशी मनालाच ठाऊक नसलेले काही असते, हा शोध आपण सहसा फ्रॉइडच्या नावावर मांडतो. १९०० सालच्या त्याच्या स्वप्नमीमांसेने तो विचार पश्चिमेत रुजवला हे खरे. परंतु त्याच्या सुमारे दीड हजार वर्षे आधी वसुबंधूने ‘त्रिंशिके’च्या अवघ्या तीस कारिकांत आठ विज्ञानांची मांडणी केली होती. पाच इंद्रियांची, सहावे मनोविज्ञान, सातवे ‘मी’पणाला कवटाळणारे क्लिष्ट मन आणि आठवे आलयविज्ञान, म्हणजे कोठार. प्रत्येक कर्म या कोठारात बीज टाकते. बीज पिकले की नवे कर्म उगवते.

साम्य येथवरच. फ्रॉइडच्या अबोध मनात मुख्यतः दडपलेल्या वासना असतात. आलयात सत्कर्माचे बीजही साठते. फ्रॉइडला दुबळा अहं सबळ करावयाचा होता. वसुबंधूच्या मते अहं हाच मुळी भ्रम. आलय म्हणजे आत्माही नव्हे. तो ओघासारखा क्षणोक्षणी पालटतो.

मग जे मला ठाऊकच नाही, त्याचा दोष माझा कसा? १९२५ मध्ये फ्रॉइडनेच याचे उत्तर दिले: स्वप्नातील दुष्ट प्रेरणांची जबाबदारीही स्वप्न पाहणाऱ्याचीच. बौद्ध विचार त्यापुढे एक पाऊल टाकतो. आजचा क्रोध उद्याच्या क्रोधाचे बीज असेल, तर आजची क्षमाही तशीच रुजेल. तळघरातल्या अंधाराची सबब सांगणाऱ्या माणसाला दोन्ही परंपरा एकच प्रश्न विचारतात: तेथे आज तू काय ठेवलेस?