नासरेथ आणि पोलंड

नासरेथाविषयी नथनेलाने जो प्रश्न केला, तो मनुष्याच्या मुखातून अद्याप गेलेला नाही. पोलिश लोकांविषयी असेच बोलतात: ते सर्व रोमी, म्हणून परमतद्वेष्टे, वारंवार जिंकले गेले, म्हणून दुर्बळ. बंधुजनहो, आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांस गावाने जातीच्या एका नावानेच मोजले. त्या मापाचा चटका ज्यांस ठाऊक, त्यांनीच ते दुसऱ्यास लावावे काय?

त्यांतील बहुतेक रोमी मंडळीचे, हे खरे. परंतु त्यावरून द्वेष कसा सिद्ध होतो? फ्रान्सात प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, सन १५७३ त, वॉर्सा येथे सरदारांनी धर्मभेदास्तव एकमेकांचे रक्त न सांडण्याचा करार केला. (त्याचा लाभ मुख्यत्वे सरदारांसच झाला, हेही सांगितले पाहिजे.) सुधारक यान लास्की याच देशाचा.

आणि दुर्बळ? १७९५ पासून १९१८ पर्यंत स्वतःचे राज्य नसता त्यांनी भाषा राखली. कोल्हापुराजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया व मुले, सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेली. परक्या मुलखात येऊन त्यांनी शाळा चालविल्या.