बोंडू

गुलमंडीवरच्या सुकामेव्याच्या दुकानात काजू बारा महिने मिळतो. 240 नंबरचा द्या, नाहीतर 320 चा चालेल, असं आपण सहज म्हणतो. पण ज्या फळाच्या टोकाला तो लटकतो तो बोंडू आमच्या छत्रपती संभाजीनगरात मी कधी पाहिला नव्हता. तो येणार तरी कसा? झाडाखाली गळून पडला की दुसऱ्या दिवशी त्याला पाणी सुटतं, लगेच वास फिरतो. बी तेवढी गावोगाव जाते. फळ जिथलं तिथंच राहतं.

एप्रिलात गोव्याला गेलो तो मात्र बोंडूसाठी नव्हे, जुवे बेटासाठी. 2023 पासून आमच्या शहराच्या नावात संभाजी महाराज आहेत. एसटीच्या पाटीवर रोज ते नाव वाचतो, आणि एके दिवशी मनात आलं, महाराज जिथे स्वतः लढले त्यातल्या एकाही जागी आपण गेलेलो नाही. पोर्तुगीज ज्याला सांतु इस्तेव्ह म्हणत त्या जुव्याचा किल्ला मराठ्यांनी 24 नोव्हेंबर 1683 च्या रात्री ओहोटीची वेळ साधून घेतला. सकाळी तो परत घ्यायला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः चालून आला. त्याच्या फौजेची दाणादाण उडाली आणि तो कसाबसा जीव घेऊन परतला. राजधानीत अशी घबराट पसरली की त्याने सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला. पुढे औरंगजेबाचा मुलगा मुअज्जम मोठी फौज घेऊन कोकणात उतरला, म्हणून महाराजांना माघारी वळावं लागलं.

पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरं धुंडाळून ठेवली, त्यामुळे हे सगळं मराठीत वाचायला मिळतं. मीही वाचलं होतं. पण वाचताना ‘ओहोटीची वेळ साधून’ या शब्दांवरून नजर नुसती पुढे सरकली होती. आता जुव्याला जायला पूल आहे. मी खाडीच्या काठाला उतरलो तेव्हा पाणी ओसरत होतं. खारफुटीच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यामधून काळाभोर चिखल चकाकत होता. चपला काढून दोन पावलं टाकली तर पाय घोट्याच्या वर रुतला. उपसताना एवढा मोठा आवाज झाला की शेजारचा बगळा उडाला. असल्या खाडीतून रात्री, हत्यारं सांभाळत, आवाज न करता ती माणसं आली. त्यातली कितीतरी घाटावरची, माझ्यासारखीच समुद्र न पाहता वाढलेली असतील. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सत्तरीत वाळपईकडच्या एका भट्टीवर गेलो. तिथले लोक बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडला तोच वेचतात. बी पिळून काढतात आणि फळ उथळ कुंडीत टाकून पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने बांधून त्यावर दगड ठेवला की रात्रभर जो रस निथळतो तो नीरो. एका आजोबांनी पेलाभर दिला. आधी गोड लागला, मग घसा धरला. असा रस तीन-चार दिवस आपोआप आंबतो. बाहेरचं काहीएक त्यात घालत नाहीत. तो तांब्याच्या भांड्यात चढवला की पहिल्या धारेची हुर्राक निघते, आणि ती रसाबरोबर पुन्हा गाळली की फेणी. आजोबांनी थोडी फेणी करवंटीत घेऊन हलवली आणि फेसाकडे नुसतं पाहिलं. बुडबुडे किती बारीक, किती वेळ टिकतात, त्यावरून त्यांना धार कळते. फेणी हे नावही फेसावरूनच पडलं म्हणतात.

फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीला लोक अशाच दोन ओढींनी जातात. 6 जून 1944 ला जिथे सैन्य उतरलं ती वाळू पाहायची असते, आणि तिथल्या सफरचंदांची दारू, काल्व्हादोस, चाखायची असते. ती सफरचंदंही बरीचशी कडू आणि तुरट, फळ म्हणून कुणी खाणार नाही अशी. त्यांची दारू दोन वर्षं तरी ओकच्या पिंपात मुरते आणि 1942 पासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं ते 2009 साली, आणि 2016 साली गोव्याने तिला वारसा पेय म्हटलं. मला याचा मनापासून आनंद आहे. वाईट वाटतं ते सीमेच्या अलीकडे. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, सगळीकडे तोच काजू आहे. पण बी काढून घेतली की तिथला बहुतेक बोंडू झाडाखाली कुजून जातो. आणि हे झाड आणलं कुणी? ज्यांच्याशी महाराज जुव्याला लढले त्याच पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात, ब्राझीलहून. शत्रूने लावलेल्या झाडालाही इथल्या लाल मातीने आपलंसं केलं, आणि आपण अजून त्याचं अर्धंच फळ घेतो.

निघताना आजोबांनी डझनभर बोंडू बियांसकट दिले. आईला दाखवायचे म्हणून स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा रात्रभर मांडीवर धरून बसलो. अहिल्यानगर यायच्या आत झाकणातून रस झिरपायला लागला होता. घरी येऊन उघडला तर आत पिवळा लगदा झालेला, वर बारा करड्या बिया. अख्खं घर त्या वासाने भरलं.

“हे असं असतं होय रे काजूचं फळ?” आई म्हणाली.

“असं नसतं गं. फार सुंदर असतं,” मी म्हणालो.

तिने बिया वेचून सुपात उन्हाला ठेवल्या. मग डब्याच्या तळाशी बोट बुडवून जिभेला लावलं.

“आंबलंय,” म्हणाली, आणि पुन्हा एकदा बोट बुडवलं.