पाझर कुणाचा?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला शिबिर संपलं आणि आम्ही सात-आठ जण पारनेरजवळच्या एका पाझर तलावावर पायी गेलो. वाट सोपी. वनखात्याचं रान, बाभळी, बोरी, हिवर, मधीच लावलेला ग्लिरिसिडिया. तासाच्या आत पाणी दिसलं. काठावर चिटपाखरू नाही. एक खंड्या तेवढा, आणि वारा.

पोरं बसली. त्यातला एक लगेच उठला. म्हणाला, "दादा, हे काय करतोय आपण? तळं बघत बसणं हे पोट भरलेल्यांचं काम. आपल्याला कुठाय एवढी सवड?"

प्रश्न खोटा नव्हता. पुस्तकातून जे निसर्गसौंदर्य आपल्या माथी मारलं त्यात आपण कुठंच नव्हतो. आपली माणसं रानात गेली ती मोळीसाठी, नाहीतर मेलेलं ढोर ओढायला. पण म्हणून बसायचंच नाही? हे मला पटत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते काय नुसती तहान लागली होती म्हणून? माणूस म्हणून तळ्यावर जायचा हक्क असेल तर काठावर काही न करता बसायचाही हक्क आहे. तू फक्त कामापुरता, हे गावानं आपल्याला शिकवलं. तेच आपण आपल्या तोंडानं कशाला म्हणायचं?

हे त्याला सांगितलं खरं. पण सांगताना माझंच मन मला खात होतं.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई अशाच एका तलावाच्या बांधावर माती टाकत होती. डोक्यावर पाटी, दुपारी सुकडी. दुष्काळी कामांतून असे तलाव गावोगाव झाले. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, तरी पाटी तीच राहिली. मजुरी मिळाली, माणसं जगली, हे नाकारत नाही. पण पाणी?

पाझर तलावाचं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. विहीर ज्याच्या रानात, पाणी त्याचं. इंग्रजांच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून भूजलाचा हक्क जमिनीच्या मालकीला बांधलेला. म्हणजे बघा, चवदार तळ्याला हात तरी लावता आला. हे पाणी वर दिसतं तोवर सगळ्यांचं, आणि जमिनीखाली गेलं की मालकाचं. कुणी विटाळ म्हणत नाही, कुणी काठी घेऊन आडवं येत नाही. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, विषय संपला.

पाणी उताराकडं जाणारच, निसर्गाचा नियम आहे, असं कुणी म्हणेल. मग पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंख्यांनी काय केलं? त्याच ७२ च्या दुष्काळानंतर त्यांच्या पाणी पंचायतीनं पाणी जमिनीच्या मापानं वाटलं नाही. माणशी अर्ध्या एकरापुरतं धरलं, आणि भूमिहीनाचाही हक्क मानला. निसर्ग तिथंही तोच होता की.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खाली कुठंतरी मोटर सुरू झाली. मघाचा पोरगा बांधावर चढून विहिरी मोजायला लागला. बाकीचेही त्याच्यामागं गेले. ही कुणाची, ती कुणाची, त्या गावातला एकजण सांगत होता. आपल्या वस्तीतली एकही निघाली नाही.

मी काठावरच बसून राहिलो.