तेल जामनगरचे, दंड सुरतेचा

27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरचे अमेरिकी आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेले. त्यातला निम्मा भाग रशियाचे तेल घेतल्याबद्दलचा दंड होता. भांडण वॉशिंग्टन आणि मॉस्कोचे, पण सुरतेइतकी त्याच्या कात्रीत सापडलेली गावे थोडी. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू इथे पडतात आणि अमेरिका हे भारतीय हिऱ्यांचे मोठे गिऱ्हाईक. कच्चा हिरा पुरवणाऱ्यांत रशियाची अल्रोसा आघाडीवर. तिच्यावर अमेरिकेने एप्रिल 2022 मध्येच निर्बंध घातले. मार्च 2024 पासून तर रशियन खाणीतला एक कॅरट किंवा त्याहून मोठा हिरा सुरतेत घडवला, तरी अमेरिकेला चालेनासा झाला. कतारगाम-वराछाच्या कारखान्यांत मजुरी बहुधा नगावर मिळते. खडे कमी आले की कमाई घटते. त्यासाठी कोणाला कामावरून काढावेही लागत नाही.

या व्यवहारातली जमाही गुजरातेतच पडली. 2022 पूर्वी आपल्या तेल-आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, दोन वर्षांत तो एक तृतीयांशापलीकडे गेला. सवलतीतले हे तेल मोठ्या प्रमाणावर जामनगर आणि वाडीनारच्या शुद्धीकरण कारखान्यांत उतरले आणि त्याचे डिझेल युरोपपर्यंत विकले गेले. वाडीनारच्या नायरा कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची 49 टक्के भागीदारी आहे, हेही सांगून ठेवावे. स्वस्त तेलाचा फायदा साऱ्या देशाला झाला, असे यावर म्हटले जाते. 2022 च्या तेजीत पंपावरचे भाव फारसे चढू दिले नाहीत, हे खरे. पण पुढे कच्चे तेल उतरले, तेव्हा तेल कंपन्यांनी मार्च 2024 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, लिटरमागे दोन रुपये कमी केले. ग्राहकाच्या पदरात पडले ते एवढेच.

याहून सबळ आक्षेप असा, की सुरतेची मंदी शुल्काच्या आधीची आहे. चीनची मागणी आटली, प्रयोगशाळेतल्या हिऱ्याने भाव पाडले, 2023 च्या ऑक्टोबरात व्यापाऱ्यांनी आपण होऊन दोन महिने कच्च्या हिऱ्यांची आयात थांबवली. मान्य, पण म्हणूनच दंड सोसण्याची ताकद तिथे सर्वांत कमी उरली होती. मग अमेरिकेपुढे वाकायचे का? मुळीच नाही. तेल कोणाकडून घ्यायचे ते दिल्लीनेच ठरवावे, मात्र त्या निर्णयाची किंमत नगावर राबणाऱ्याच्या गळ्यात घालू नये. मे 2025 मध्ये गुजरात सरकारने काम गेलेल्या रत्नकलाकारांच्या मुलांची वर्षाला 13,500 रुपयांपर्यंत फी भरण्याचे जाहीर केले. मदत चांगली, पण ती राज्याच्या तिजोरीतून; तेलातून कमावणाऱ्यांना तिची झळ नाही. त्यांच्याकडून वसुली अशक्य नव्हती. इंधनाच्या निर्यातीवर केंद्राने जुलै 2022 मध्ये जादा कर बसवला होताच. तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला आणि सुरतेवर दंड आदळला, तेव्हा त्याला नऊ महिनेही झाले नव्हते.