आणणारा आणि घडविणारा

दुसऱ्याने घडविलेली वस्तू आपण दूरदेशाहून आणविली आणि तिचे मोल चुकते केले, तर तिच्या दोषांचे उत्तरदायित्व कोणाकडे? ‘करावे तसे भरावे’ हा आपला नित्याचा न्याय. परंतु करणारा समुद्रापलीकडे आणि भोगणारा अलीकडे असला म्हणजे हा न्याय कोणाच्या दारी मागावा? आम्हांस या विचारास एक वाहन निमित्त झाले.

आपल्यातील काही घरांची मुले आज ऑस्ट्रेलियात संसार करीत आहेत. त्यांस हे वाहन परिचित असेल. मोटारीमागे जोडून न्यावयाचा हा मुक्कामाचा ट्रेलर होय. त्याच्या पोटात तंबू, अंथरूण, शेगडी, पाण्याची टाकी अशी सारी बिऱ्हाडाची सोय असते. सांगाडा पोलादी, चाके उंच. निर्जन प्रदेशात सडक संपल्यावरही जावे, हा त्याचा हेतू. पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ली प्रांतातून गिब रिव्हर रोड नावाचा सुमारे 660 किलोमीटरचा रस्ता जातो. त्याचा बराच भाग कच्चा असून त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. त्यांवरून तासन्‌तास हादरे खात जाताना नटबोल्ट ढिले होतात, सांध्यांस तडे जातात. लोखंडाची परीक्षा तेथे होते, दुकानाच्या अंगणात नव्हे.

असे ट्रेलर त्या देशातही बनतात. तथापि पुष्कळसे चीनमधून येतात, काही दक्षिण आफ्रिकेतून. ते स्वस्त पडतात म्हणून कोणी परस्पर आणवू पाहतो, आणि मग त्यास कायद्याची ओळख होते. 2018 सालचा तेथील वाहनविषयक कायदा 1 जुलै 2021 पासून पूर्णपणे अमलात आला. त्यान्वये ट्रेलर बंदरात येण्यापूर्वीच परवानगी हवी. चाकांवरील भार 750 किलोग्रॅमहून अधिक असेल तर ब्रेक हवेत. 2,000 किलोग्रॅमहून अधिक असेल तर ते सर्व चाकांस हवेत, आणि ट्रेलर मोटारीपासून सुटलाच तर आपोआप लागले पाहिजेत. 2003 च्या अखेरीपासून त्या देशात अॅस्बेस्टॉस आणण्यास बंदी आहे. ब्रेकच्या अस्तरात ते नाही, अशी खात्री आणणाऱ्यानेच द्यावयाची. चाकांस परकी माती चिकटलेलीही चालत नाही.

परंतु आम्ही थबकलो ते दुसऱ्याच एका कलमाशी. 1 जानेवारी 2011 पासून लागू असलेल्या तेथील ग्राहक कायद्यात असे आहे की, घडविणाऱ्याचे त्या देशात ठिकाण नसेल, तर माल आणणारा हाच त्याचा घडविणारा मानला जाईल. ज्याने हातात हातोडीसुद्धा धरली नाही तो कर्ता ठरावा, हे वरवर पाहता विपरीत दिसते. आपल्याकडील दत्तकाचा विचार केला म्हणजे ते तितके विपरीत वाटत नाही. मूल मांडीवर घेतलेल्या बापास उद्या त्याच्या खोडीबद्दल जन्मघराकडे बोट दाखविता येत नाही.

हे कलम मुख्यतः व्यापाऱ्यांसाठी आहे. ज्याने केवळ आपल्या कुटुंबासाठी ट्रेलर आणविला आणि चार वर्षांनी विकला, त्यास कायदा एवढे जखडीत नाही. तो म्हणेल, ‘मी कोणास फसविले नाही, मलाही ठाऊक नव्हते.’ येथे आम्हांस भेद करावासा वाटतो. रंगाखाली दडलेला सांध्याचा तडा न दिसणे ही एक गोष्ट. सर्व चाकांस ब्रेक आहेत की नाहीत हे वाकून न पाहणे ही दुसरी. दुसऱ्या अज्ञानास स्वस्ताईचा लोभ पोसतो. आणि त्याचे फळ भोगणारा बहुधा समोरून येणारा वाटसरू असतो, ज्याचा त्या सौद्याशी काडीचाही संबंध नव्हता.

यावर एक आक्षेप खरोखर विचारात घेण्याजोगा आहे. आणणाऱ्यावर एवढा भार टाकल्यास असली वाहने केवळ धनवंतांच्याच दारी दिसतील. स्वस्त ट्रेलर मिळाला म्हणूनच एखाद्या कामगारास मुलाबाळांसह आपला देश पाहता येतो. ते सुख हिरावून घ्यावे काय? आमच्या मते नाही. कारण येथे मागणे पैशाचे थोडे आणि लक्षाचे अधिक आहे. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर चढवावा, चाकांच्या बेअरिंगा उघडून पाहाव्यात, प्रत्येक खडतर प्रवासानंतर सांध्यांवरून हात फिरवावा. श्रीमंतास हे कदाचित अधिकच जड जाईल, कारण तो ते नोकरावर सोपवील!

राहता राहिला विक्रीचा प्रसंग. तडा गेला होता, तो जोडून घेतला, वरून रंग दिला. आता घेणारा समोर उभा आहे आणि त्याने काही विचारलेले नाही. आमचे म्हणणे असे की, किमतीची बोलणी सुरू होण्यापूर्वीच त्यास तो सांधा दाखवावा. किंमत उतरेल, हे उघड आहे. ती तूट मूळच्या स्वस्ताईतच धरावयाची होती.