पित्त उठल्यावर

हातातलं काम झालं असेल तर जरा टेकून बसा. श्वास मुद्दाम लांबवू नका, चालतोय तसा चालू द्या.

आता दम्याचा एखादा रुग्ण मनात आणा. रात्री धाप वाढली म्हणून शिरेतून अमिनोफायलिन दिलं. छाती मोकळी झाली आणि थोड्या वेळाने मांड्यांवर गांध्या उठल्या. त्यातल्या एकीकडेच सावकाश बघा. मधे फिकट, कडेला लाल. बोटाने दाबली की लाली जाते, बोट उचललं की परत येते. ही मावळेल, बहुधा चोवीस तासांच्या आत, पण तोवर दुसरीकडे नवी उठलेली असेल. घरात कुणी आमसुलाचं पाणी लावायला घेतलं तर लावू द्या. कुणी म्हणेल, "औषध बाधलं." हो म्हणायची घाई मात्र करू नका.

बाधलं, पण त्यातलं काय?

अमिनोफायलिनमध्ये दोन पदार्थ आहेत. श्वासनळ्या सैल करतं ते थिओफायलिन. आल्ब्रेख्त कोसेल यांनी १८८८ मध्ये ते चहाच्या पानांतून वेगळं काढलं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून जोडीला इथिलीनडायअमिन घातलं. दम्याशी त्याचं देणंघेणं नाही. अंगावर पुरळ आलेल्या काही रुग्णांच्या पाठीवर संशोधकांनी दोन्हींच्या पट्ट्या वेगवेगळ्या चिकटवून पाहिल्या. थिओफायलिनखालची कातडी जशीच्या तशी राहिली, इथिलीनडायअमिनखालची लाल झाली. काहींना तर ही ॲलर्जी आधीच जडलेली होती, हाच पदार्थ असलेलं त्वचेचं मलम लावून! (झटपट उठणाऱ्या गांध्यांचं कारण या पट्टीवर कळेलच असं नाही. ती उशिराने येणारी ॲलर्जी दाखवते.)

पुन्हा त्या रात्रीकडे या. धाप कशाने वाढली होती? सर्दी-तापाने? नुसत्या विषाणूनेही पित्त उठतं. अंगदुखीवर एखादी गोळी घेतली होती? तीही संशयितच. एकेक नाव मनात येऊ द्या, कुणालाच लगेच दोषी ठरवू नका. मला तर वाटतं, ॲलर्जीच्या बाबतीत आपण निकाल फार लवकर देतो आणि मग उपयोगाचं औषध जन्मभर टाळत बसतो.

गांध्यांचा फोटो काढा, औषधांची नावं आणि वेळा लिहा आणि पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दम्याचं औषध आपल्या मनाने बंद करू नका. ओठ, जीभ सुजली, आवाज बसला किंवा धाप लागली, तर मात्र कागद शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.