खळ्यातल्या दोन खुर्च्या

बसा.

जमिनीवरच बसा, ओटीच्या पायरीला पाठ टेकून. खुर्च्यांवर नको. खुर्च्या आज फक्त बघायच्या आहेत.

गणपतीसाठी आलेले चाकरमानी काल गेले. रात्रीच्या कोकणकन्येनं, कुडाळहून. मूर्तीवर टांगलेली माटवी उतरली. आरतीच्या झांजा कपाटात गेल्या. मालवणपासून थोड्या आत असलेल्या या घराच्या खळ्यात प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या खुर्च्या तेवढ्या राहिल्या आहेत. त्यांच्यामागे केळी. केळींमागे माड. माडांमागे दर्या. तो दिसत नाही, ऐकू येतो.

श्वास घ्या.

भाद्रपदातली हवा जड असते. ओली माती, शेवाळ, कुणाच्या तरी चुलीचा धूर.

सोडा.

आता खुर्च्यांकडे बघा. एक जराशी दुसरीकडे वळलेली आहे. कुणीतरी बोलता बोलता वळवली असेल. ती तशीच असू दे.

हेच चित्र दूरच्या एका बेटावर आहे.

5 जानेवारी 2025. प्वेर्तो रिकोत तीन राजांच्या सणाचा आदला दिवस. त्या दिवशी बॅड बनी या तिथल्या गायकाचा नवा अल्बम आला, 'देबी तिरार मास फोतोस'. म्हणजे, आणखी फोटो काढायला हवे होते. मुखपृष्ठावर गायक नाही. दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. मागे केळी.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, कुणीतरी आमच्या वाडीत येऊन गेलं.

थांबा इथे. घाई नाही.

केळ मुळात आशियातली. आफ्रिकेच्या किनाऱ्यानं ती तिकडे पोचली. वेंगुर्ल्याचा काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांच्या गलबतांतून इकडे आलेला. झाडं कधीच कुणाला न विचारता एकमेकांच्या परसात गेली. गाणी जरा उशिरा येतात.

फोन पायरीवर ठेवा. आवाज इतका कमी ठेवा, की रातकिडे त्याच्या वर राहतील. (किनाऱ्यावरच्या मोठ्या स्पीकरांतून हे गाणं मला ऐकवत नाही. ते तिथलं नव्हेच. ते खळ्यातलं आहे.)

अल्बमच्या नावाचंच गाणं लावा.

शब्द कळत नाहीत. कळू नयेत. आज फक्त हात ऐका.

हा ताल प्लेनाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्वेर्तो रिकोतल्या पोन्से शहराच्या आसपास, उसाच्या मुलखातल्या कामकरी वस्त्यांत तो वाढला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं त्या वस्त्यांत राहत होती. गल्लीत काय घडलं, कोण भांडलं, कोण बुडालं, ते प्लेनात गायचं. लोक प्लेनाला गायलेलं वर्तमानपत्रच म्हणतात.

वाद्य साधं आहे. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, एका हातात धरायचं, दुसऱ्यानं वाजवायचं. आपल्या डफाच्या जातीचं. त्याला पांदेरो म्हणतात. पांदेरो तीन आकारांचे असतात.

सगळ्यांत लहान रेकिंतो. तो उड्या मारतो, मध्येच बोलतो, कुणाचं ऐकत नाही. कान आधी त्याच्याकडेच जातो. जाऊ द्या.

मग कान हळूच खाली आणा. मधल्याला ओलांडून आणखी खाली.

तिथे सेगिदोर आहे. सगळ्यांत मोठा, सगळ्यांत खालच्या आवाजाचा. तो काही खास करत नाही. नुसता येत राहतो.

त्याच्यापाशी राहा.

धुम.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावल्यावर जो आवाज निघतो, तो आठवा. परवा रात्री भजनात होता. उसळ-पाव होईपर्यंत, आणि त्यानंतरही. बुवा वर कुठे कुठे जाऊन येत होते. डावं अंग जागेवर होतं.

धुम.

श्वास त्याच्यावर ठेवा. घ्या. सोडा.

गाण्यात आता खूप आवाज येतात. एकट्याचा गळा उरत नाही. बरेच जण मिळून गातात, थोडे सुरात, थोडे नाही. आरतीत असतात तसे.

खुर्च्या रिकाम्या आहेत. बघत राहा.

2010 साली त्या बेटावर सुमारे 37 लाख माणसं होती. 2020 साली सुमारे 33 लाख. आज तिथली जेवढी माणसं बेटावर आहेत, त्याहून जास्त अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात 2001 साली सुमारे 8 लाख 69 हजार माणसं होती. 2011 साली 8 लाख 50 हजार.

हे आकडे मोजायला नव्हेत. डोळे मिटा आणि आकड्यांच्या जागी घरं ठेवा. कुलूप. कडीला अडकवलेली कापडी पिशवी. तुळशीपुढं वाढलेलं गवत. तुळशीला मात्र पाणी आहे. शेजारच्या घरातून कुणी घालतं.

डोळे उघडा.

2025 च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत तो गायक जगात कुठे फिरला नाही. बेटावरच, सान हुआनमध्ये, गात राहिला. कार्यक्रमांच्या त्या मालिकेचं नाव 'मला इथून जायचं नाही'. पहिले नऊ कार्यक्रम फक्त तिथे राहणाऱ्यांसाठी होते. जगानं नंतर यावं.

पहिले नऊ.

मला ते गाण्यांइतकंच आवडतं. दार आधी वाडीला उघडायचं, मग पाहुण्यांना.

गाणं संपलं. पुन्हा लावू नका.

त्यानंतरचं ऐका. रातकिडे. कुठेतरी बेडूक. प्वेर्तो रिकोतही रात्रीचे बेडूकच गातात. इवलासा कोकी, स्वतःलाच नावानं हाक मारल्यासारखा ओरडणारा. इथल्याला आम्ही नाव ठेवलेलं नाही. तरी तो ओरडतो.

दर्या.

खालचा धुम अजून आहे का? कानात नसेल. पोटाशी हात ठेवून बघा.

गडग्यापलीकडून काकी हाक मारते. "पावस येतलो गो, भायर काय ठेवलंस तां भितूर घे."

"घेतंय," मी म्हणते. उठत नाही.

तुम्हीही उठू नका.

पहिला थेंब केळीच्या पानावर पडतो. मोठा आवाज होतो. दुसरा मातीत, त्याचा आवाजच नाही. तिसरा प्लास्टिकवर.

टप.

बघा, एक खुर्ची भिजते.

आता दुसरी.